आंबेवाडीचा वर्ग

"नावं बदलून टाक," चैताली म्हणाली. "आंबेवाडीच्या जागी खडकवाडी लिही आणि खडकवाडीच्या जागी आंबेवाडी. झालं काम. कोण बघायला येतंय?"

समीक्षाने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. "असलं काही करायचं असेल, तर तू दुसरा गट बघ."

फरदीन मध्ये पडला नाही. समीक्षा एकदा बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ, हे तो पहिल्या वर्षापासून बघत आला होता.

लोणावळ्याजवळच्या नर्सिंग कॉलेजात तिघं शेवटच्या वर्षाला होती आणि हा त्यांचा गटाचा पुराव्याचा प्रोजेक्ट. पुस्तक एखादी पद्धत चांगली म्हणतं, ठीक आहे. पण ती आपल्या माणसांत लागू पडते का, हे करून बघायचं आणि जे दिसेल ते मांडायचं. समीक्षाने विषय निवडायला क्षणभरही घेतला नव्हता. बाळाची बेंबी. नाळ पडेपर्यंत ती कोरडी ठेवायची. हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच नाही. तिच्या आतेबहिणीचं बाळ बेंबी चिघळून गेलं होतं. त्याचा राग अजून तिच्या मनात होता आणि ती तो लपवतही नसे.

कान्हे स्टेशनच्या पलीकडे, नदीच्या दोन काठांना दोन वाड्या. आंबेवाडीत दर शुक्रवारी गरोदर बायकांचा वर्ग घ्यायचा, खडकवाडीत काहीच करायचं नाही, आणि मग दोन्हीकडची बाळं बघायची.

"माणसं सारखी, शेती सारखी, जवळपास सगळी घरं एकमेकांची सोयरी," समीक्षाने प्रोजेक्ट बघणाऱ्या सुहास सरांना ठणकावून सांगितलं होतं. "तुलनेला याहून चांगली जोडी मिळायची नाही."

सरांनी मान डोलावली होती.

वर्ग झकास भरला. सुना डोक्यावर पदर घेऊन सासवांच्या आड बसायच्या, तोंडातून शब्द नाही. फरदीन पुढे आला की पदर आणखी खाली यायचा. समीक्षा मात्र बाहुली हातात घेऊन असं काही समजावायची की जुन्या खोडाच्या सासवासुद्धा "व्हय, पटतंय" म्हणू लागल्या.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "पुरावा दाखवा, मी वर्ग कायमचा चालू ठेवते. नाहीतर शुक्रवार मला लसीकरणाला हवाय."

पुरावा दाखवायला समीक्षा एका पायावर तयार होती.

बाळं जन्मली तशी तिघं घरोघर फिरली. आणि आंबेवाडीने त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. मॅक्सी घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाळंतिणी हसत "या, बसा" म्हणायच्या, आतल्या आईला हाक मारून चहा टाकायला लावायच्या, आणि दुपटं बाजूला केलं की बाळाची बेंबी पिवळीधमक.

"हळद लावायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?" समीक्षाने एकीला विचारलं.

"मला न्हाई बा कुनी सांगितलं," ती म्हणाली.

"वर्गात झोपा काढल्या वाटतं," बाहेर पडल्यावर समीक्षा पुटपुटली.

नदीपलीकडे खडकवाडीत त्यांनी कुणाला चकार शब्द शिकवला नव्हता. तिथं एकूण एक बेंबी कोरडी ठणठणीत. सारिका नावाच्या एका पोरीने तर बाळाचा लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांधला होता, अगदी शिकवावा तसा. ती काहीतरी बोलायला आली होती, पण समीक्षाला तिथं उभं राहवेना. तिला त्या बाळाकडे बघून आनंद व्हायला हवा होता, पण ती वही मिटून तडक बाहेर पडली.

म्हणूनच चैतालीला नावं बदलायची होती, आणि म्हणूनच समीक्षाने ती बदलू दिली नाहीत. पुरावा आपल्या बाजूचा असला तरच खरा, असं म्हणणारी ती नव्हती.

सगळ्या कॉलेजसमोर तिने ताठ उभं राहून सांगितलं, "आमच्या वर्गाचा काहीही उपयोग झालेला नाही. तो बंद करावा, अशी आमची शिफारस आहे."

सुहास सरांनी स्वतः उठून टाळ्या वाजवल्या. एवढा प्रामाणिक प्रोजेक्ट आजवर पाहिला नाही म्हणाले आणि पहिला नंबर त्यांच्याच गटाला दिला. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवार लसीकरणाला लावून टाकला.

बाहुली आणि भिंतीवरची चित्रं परत आणायला तिघं शेवटचं आंबेवाडीला गेली. समीक्षाला वाईट वाटत होतं, पण आपण चुकलो असं कुठंही वाटत नव्हतं. चित्रं गुंडाळून ती बाहेर आली, तेवढ्यात देवळासमोर जीप थांबली. बाळाला छातीशी धरून एक पोरगी उतरली. समीक्षाने तिला बघताक्षणी ओळखलं.

"अगं सारिका! खडकवाडी सोडून एवढंसं बाळ घेऊन इकडे कुठे?"

सारिका हसली.

"बरी भेटलीस," समीक्षा म्हणाली. "तुमच्याकडे आम्ही कधी वर्ग घेतलाच नव्हता. मग बेंबी कोरडी ठेवायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

सारिकाने बाळ दुसऱ्या हातावर घेतलं आणि मोकळ्या हाताने पदर डोक्यावर ओढला.

"आसं काय करताय ताई? खडकवाडी माजं म्हायेर, बाळंतपनाला गेलते. शिकले ते हितं सासरी, तुमच्याच वर्गात. आमी समद्याच."