धवला तोडायचा नसतो

"पाचपर्यंत चांगले बोलत होते," कल्पेशने डॉक्टरीणबाईला सांगितलं. "माझ्याकडे चहा मागितला."

पुतळाबाईने मान वर केली नाही. नवऱ्याच्या, बुधाजीच्या स्ट्रेचरशी ती उभी होती. नातीच्या हळदीने तिचे हात अजून पिवळे होते, आणि पांढऱ्या चादरीवर जिथं धरलं तिथं पिवळी बोटं उमटली होती. चहाचं खोटं होतं. पाच वाजता कल्पेश मांडवामागच्या खाटेशी गेला, तेव्हा बुधाजीचं तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात लाकडासारखा पडलेला. पण उल्हासनगरच्या या दवाखान्याच्या फाटकात कोणीतरी कल्पेशच्या कानात सांगितलं होतं, वेळ कमी सांगा, नायतर इंजेक्शन देत नाहीत.

डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाज न चढवता बोलत होती. मेंदूच्या एका बारीक नसेत रक्ताची गाठ अडकली आहे, ती म्हणाली. मोठ्या नसेत असती तर मुंबईला पाठवून तार घालून काढता आली असती, इथवर तार पोचत नाही. गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे. साडेचार तासांच्या आत दिलं तर हात परत येईल, वाचाही येईल कदाचित. उशीर झाला असेल आणि तरी दिलं, तर डोक्यात रक्त सुटेल आणि माणूस इथंच जाईल.

"म्हणून परत विचारते. शेवटचं धड कधी पाहिलं?"

कल्पेशने आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "पाच," तो म्हणाला.

सिस्टर बाटली हातात घेऊन औषध कालवू लागली.

पुतळाबाई आसपासच्या गावांची धवलारीण, लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. तिच्या गळ्याशिवाय पालेगावात कोणाला हळद लागली नव्हती. आज तर घरचंच कार्य, ऋतिकाचं. ती चटईवर बसून गात होती आणि बुधाजी नेहमीसारखा मांडवाच्या खांबाशी उभा राहून बोटाच्या पेराने ताल धरत होता. लग्न झाल्यापासून त्याचं तेच काम. मधेच ताल थांबला. हातातला ग्लास पडला. तो खांबाला टेकला, डावा हात तिच्याकडे केला, ओठ हलले, शब्द आले नाहीत. नातीच्या लग्नापर्यंत दारूचा थेंब घेणार नाही म्हणून एकवीरा आईची शपथ खाल्लेला माणूस भरमांडवात झुलतोय, एवढंच तिला दिसलं. तिने डोळ्यांनी खूण केली, न्या याला. "आजोबांना हळद आधी चढली," म्हणत दोघा पोरांनी त्याला खाटेवर नेऊन टाकलं. बाया हसल्या. तिच्या मनात एवढा राग होता की तिने वळूनही पाहिलं नाही. आणि धवला अर्ध्यावर तोडायचा नसतो. धवला तुटला की नवरीचा संसार तुटतो, असं तिला तिच्या सासूने शिकवलं होतं.

ग्लासात कोकमाचं सरबत होतं. ते नूतननेच सासऱ्याच्या हातात दिलं होतं. हे सुनेने येताना गाडीत पुतळाबाईला सांगितलं.

सिस्टरने सुई भरली.

"थांब, बाय," पुतळाबाई म्हणाली. "पोरगा खोटं बोलतो. ते दुपारीच पडले. मी बघितलं."

"किती वाजता, आजी?"

"घड्याळ नाय बघितलं. हळद दळायचा धवला चालू होता."

डॉक्टरीणबाईला त्यातून काही कळेना. नूतनने पदराआडून फोन काढला. तो सबंध धवला तिने फोनमध्ये घेतला होता. तिने लावून दिला. आधी जातं दिसलं, ऋतिकाचा पिवळा चेहरा दिसला, आणि मागे खांबाशी बुधाजी. ग्लास पडला. हात वर झाला. गाणाऱ्या बाईचा आवाज कुठंच हलला नाही. खाली वेळ लिहून आली होती, दुपारची पावणेएक.

डॉक्टरीणबाईने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, साडेसहा वाजून गेले होते. मग सिस्टरकडे पाहून नकारार्थी मान हलवली. सिस्टरने सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

कल्पेश हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दुपारी तोंड थांबवलं नाय. आता तरी थांबवायचं होतंस, आये."

कोणी फोन बंद केला नव्हता. त्यातली बाई गातच होती, जात्याची घरघर चालूच होती. स्ट्रेचरवर बुधाजीचे डोळे त्या आवाजाकडे वळले.

"तोड ग ते," पुतळाबाई सुनेला म्हणाली. "अर्ध्यावरच तोड."

नूतनने तिच्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला.

बुधाजीचं डावं बोट मात्र स्ट्रेचरच्या लोखंडी दांडीवर ताल धरून होतं. ते तसंच वाजत राहिलं.