ग्रॅनीची टोपी

गोरे साहेब देश सोडून गेले त्याच वर्षी फिलोमेनाबायला नातू झाला आणि अंगात मडम शिरली. “आजी म्हणवून घ्यायला मी काय विहिणीसारखी लुगडंवाली?” म्हणत तिने वांद्र्याहून पिसांची टोपी आणली आणि वर्षभर ती डोक्यावर डोलवत नातवाला “ग्रॅनी, ग्रॅनी” पढवलं. सणाच्या दिवशी पाद्रीबाबांच्या देवळासमोर अख्खं उमेळं गाव जमलं, तेव्हा तिने विहिणीला टोमणा मारला, “बघ, पोरगा कुणाला हाक मारतो ते!” तेवढ्यात वाऱ्याने टोपी उडाली आणि विहिणीच्या केळ्यांच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या शिंगावर बसली. “ग्रॅनी!” नातू किंचाळला. फिलोमेनाबायने हात पसरले, पण तो आईच्या कडेवरून बैलाकडे झेपावला आणि त्याच्या ओल्या नाकाचा पापा घेतला. पाद्रीबाबासुद्धा खो-खो हसले. विहिणीने हसता हसता लुगड्याच्या पदराने फिलोमेनाबायचे भरलेले डोळे पुसले आणि म्हणाली, “रडू नको, विहीणबाय. तू आजीच हो. ग्रॅनीला चारा मी घालीन.”