नांगर कुठं हाय?

पक पुन्हा अर्ध्या वाटेत मेला.

दक्षताने स्टिक लादीवर आपटली. हे तिसरं रबर. आधी सायकलची ट्यूब, मग औषधाच्या दुकानातली पिवळी नळी, आता व्यायामाचा पट्टा. फळ्यांची एक चौकट, तिच्या पुढच्या फळीवर दोन खुंट्या आणि खुंट्यांमध्ये ताणलेलं रबर, एवढंच ते यंत्र. पक म्हणजे हॉकीची चपटी चकती. ती रबरावर आदळली की तशीच जोरात परत यायला हवी. ज्या व्हिडिओवरून तिने हे बनवलं, त्यातल्या मुलाची येत होती. दक्षताची मध्येच थांबायची, नाहीतर वाकडी होऊन भिंतीकडे जायची.

रविवारी रोलर हॉकीच्या संघाची निवड होती आणि आज शुक्रवार. मागच्या वर्षी वीसपैकी अकरा पास तिच्या स्टिकखालून निसटले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिला द्यायला येतं, घ्यायला येत नाही." सरावाला पास देणारी रुचिता एप्रिलमध्ये डोंबिवलीला राहायला गेली. तेव्हापासून दक्षताला पास देणारं कोणी नव्हतं. म्हणून हा रिबाउंडर.

कोपरीतल्या कोळीवाड्यातल्या घराची ओटी लांब होती. लादी वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या टोकाला, दाराशी, तिचा आजा धाकू जाळं सांधत बसला होता. होडी विकून चार वर्षं झाली होती. जाळं आता कुणालाच नको होतं, पण त्याचे हात थांबत नव्हते.

"नांगर कुठं हाय गो?" त्याने विचारलं.

"विकला, आजा. होडीबरोबर गेला."

ती वहीकडे वळली. अकरावी सायन्सच्या प्रयोगशाळेत एक नियम तिला नीट कळला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वहीत चार रकाने होते : रबर, ताण, अंतर, पक किती मागे आला. अठ्ठावीस नोंदी. सगळ्यात चांगली, एक मीटर दहा सेंटिमीटर. हवे होते चार मीटर.

तिने पट्टा आणखी दोन सेंटिमीटर ताणला. बोटाचं सालपट निघालं. फटका मारला. ऐंशी सेंटिमीटर.

"शी! ताण वाढवला तरी कमी?"

फटका जास्त जोरात मारला. पक्ष बदलल्यासारखा पक भिंतीकडे गेला आणि आजाच्या चपलेत अडकला. आजाने तो काढून हातात उलटापालटा करून पाहिला.

"नांगर कुठं हाय, दक्षू? अगो, आयक..."

"आजा, नको ना आत्ता! होडी नाही, नांगर नाही, काही नाही. पक दे."

त्याने पक दिला.

स्वयंपाकघरातून आई, जया, पदराला हात पुसत बाहेर आली. "परत तेच का?"

"सकाळपासून चौथ्यांदा."

आईने आवाज खाली आणला, पण आजाला ऐकू जाणार नाही इतका नाही. "काल दुपारी पण तेच. ह्यांचं डोकं सरकलंय गं. सोमवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. आणि तोपर्यंत धक्क्यावर एकटं जायचं नाही, सांगून ठेव त्यांना."

"तूच सांग. माझं डोकं आधीच फिरलंय."

आई आत गेली. आजाची सुई जाळ्यात एकदा अडकली, मग पुन्हा चालू लागली.

दक्षताने पायाने चौकट ढकलून पुन्हा लादीच्या जोडावर आणली. दर चार-पाच फटक्यांनी ती हे करायची, सवयीने, न बघता. वहीत त्याला रकाना नव्हता. मग तिने पट्टा दुहेरी केला. साठ सेंटिमीटर. फेकून द्यावं सगळं, असं मनात आलं. तिने स्टिक खरोखरच फेकली. ती चौकटीवर आपटून लांब गेली.

आजा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. अख्खं जाळं त्याने खांद्यावर घेतलं. खालच्या दोरीला ओवलेले शिशाचे मणी लादीवर घासत आले. चौकटीशी येऊन त्याने तो ढीग मागच्या फळीवर टाकला. शिसं धपकन बसलं. मग त्यावर स्वतःही बसला, होडीच्या काठावर बसावं तसा.

"आता मार."

"आजा, लागेल तुला."

"मार गो."

तिने स्टिक उचलून आणली. मन नसताना फटका मारला, साधाच.

पक इतक्या वेगाने परत आला की तिच्या स्टिकखालून निसटून दारापर्यंत गेला.

ती धावत जाऊन तो घेऊन आली. पुन्हा मारला. पुन्हा सरळ, पुन्हा जोरात. या वेळी स्टिकने अडवला. मनगटाला झिणझिण्या आल्या. तिसऱ्यांदा मारला, तेव्हा पहिल्यांदाच तिने पककडे न बघता चौकटीकडे पाहिलं. पक आदळला. चौकट लादीच्या जोडावर होती तिथेच राहिली.

"नांगर नसला," आजा म्हणाला, "तर वढलेलं जालं येत नाय. होडीच जाते."

दक्षता चौकटीच्या मागची लादी बघत होती. फळीच्या कडेने पडलेले बारीक ओरखडे, एकामागे एक. सगळ्या नोंदींचे.

आतून आईने हाक मारली, "काय गं, परत नांगर विचारतायत का? सांगितलं ना तुला, डोकं सरकलंय."

"डोकं नाही, आई," दक्षता म्हणाली. "चौकट सरकत होती."