सूर्यचूल

जयवंतने प्रदर्शनातून सूर्यचूल आणल्यापासून त्याच्या बायकोचं, सुलक्षणाचं डोकं फिरलं होतं. त्याचा डबा सकाळी सातला निघायचा, गोरेगावच्या त्यांच्या चाळीत ऊन उतरायचं अकराला. तरी येईल त्याला हा ऐकवायचा, "रॉकेलचे दिवस भरले. आता सगळं उन्हावर!"

आज पाहुण्यांना चूल दाखवायला उठला, तर कोपरा रिकामा.

"सूर्यचूल कुठाय?" तो सगळ्यांसमोर खेकसला.

सुलक्षणाने कोरडा स्टो त्याच्यापुढे आपटला.

"रॉकेलच्या रांगेत. आपल्या नंबरावर ठेवून आलेय. नुसता डबा ठेवला की मेले लाथेने मागे सारतात, ही जड आहे, हलत नाही. जा, पाहुण्यांना तिथेच दाखवा. आणि येताना रॉकेल घेऊन या, चहा व्हायचाय त्यांचा!"