मिस्टर अर्लची भेट

बंदुकांच्या दुकानातल्या काउंटरवर बुटांचा खोका ठेवून चारुदत्तने झाकण काढलं आणि आत हात घातला.

"थांबा, हात लावू नका," दुकानातली बाई म्हणाली. तिने रिव्हॉल्वर स्वतः उचललं, नळी भिंतीकडे वळवली आणि वरची खिटी दाबून ते उघडलं. एक काडतूस टपकन काचेवर पडलं.

"भरलेलं होतं. असंच आणलंत गाडीतून?"

चारुदत्तचे कान तापले. काल संध्याकाळी हेच हातात धरून त्याने मित्रांना फोटो पाठवले होते. त्याची बायको रीमा शेजारीच भाजी चिरत होती.

"मला फक्त किंमत बघायची होती," तो म्हणाला. "शेजाऱ्यांनी गिफ्ट दिलंय. अँटिक आहे ना?"

बाईने चष्मा लावला. "बत्तीस कॅलिबर. शंभर वर्षांपूर्वीचं असेल. बायका पर्समध्ये ठेवायच्या, दुकानदार गल्ल्याखाली. तेव्हाही स्वस्तातलंच होतं." निकेलचा मुलामा उडालेला होता, मुठीला चीर होती. "दीडशे डॉलर. कुणी हौशी भेटला तर थोडे जास्त."

चारुदत्तचा चेहरा उतरला. नेटवर त्याला असंच दिसणारं एक चार हजारांना गेलेलं सापडलं होतं. 'घरात नको हं हे' म्हणणाऱ्या रीमाला त्याने तोच आकडा दाखवून गप्प केलं होतं.

बाईने आता काडतूस उचलून उजेडात धरलं.

"हे बघा." पितळी बुडाच्या मधोमध छोटासा खळगा होता. "यावर घोडा पडलाय. चाप ओढलाय कुणीतरी. दारू जुनी, म्हणून उडालं नाही."

"प्रॅक्टिस करताना असेल."

"असेल. पण आत एकच होतं. प्रॅक्टिसला कुणी एकच नाही घालत. आणि खळगा ताजा आहे, आतलं पितळ अजून चकाकतंय." तिने चष्मा काढला. "कसे आहेत तुमचे शेजारी?"

कसे आहेत? मिस्टर अर्ल ऐंशीच्या पुढचे. कुंपणाला कुंपण लागून घर. हिवाळ्यात त्यांची बायको गेली तेव्हा रीमा जाऊन आली होती. चारुदत्तच्या ऑफिसात तेव्हा सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. नंतर कधीतरी जाऊ म्हणता म्हणता उन्हाळा आला.

शनिवारी ते स्वतःच दारात आले होते. काखेत खोका. चारुदत्त कॉलवर होता. एका कानावरचा हेडफोन बाजूला करून त्याने दार अर्धंच उघडलं होतं.

"चार्ली, हे तुझ्या घरात राहू दे," ते म्हणाले होते. 'चारुदत्त' त्यांना कधी जमलंच नव्हतं. "माझ्याकडे नको आता."

"ओह, थँक यू! पण एवढी जुनी वस्तू..."

"घे. माझ्यावर उपकार होतील." खोका देऊनही ते तिथेच उभे राहिले. "वेळ आहे का तुला? थोडं बसला असतास..."

"नेक्स्ट वीक नक्की, मिस्टर अर्ल," असं म्हणून त्याने दार लावलं. कॉल संपायच्या आतच फोनवर किंमत शोधायला घेतली.

'माझ्यावर उपकार होतील.' म्हाताऱ्याने केवढं मोठं मागणं मागितलं होतं, आणि आपल्याला वाटलं, घबाड मिळालं. चारुदत्तला बाईकडे बघवेना.

"हे इथेच ठेवून घ्या," तो म्हणाला. "पैसे नकोत मला."

"कागदावर सही लागेल."

त्याने सही केली. पार्किंग लॉटमध्ये येतो तो रीमाचा फोन.

"काय रे, किती म्हणाले?"

"रीमा... मला यायला उशीर होईल. मिस्टर अर्लकडे जातोय."

"आत्ता? का, काय झालं?"

"घरी आल्यावर सांगतो," तो म्हणाला. गाडी सुरू करून तो निघाला.

भर दुपारचं ऊन होतं, पण मिस्टर अर्लच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. बेल वाजवून चारुदत्त उभा राहिला. आतून कुणी येईना. त्याने पुन्हा वाजवली. मग दारावर थापा मारल्या, "मिस्टर अर्ल! मिस्टर अर्ल!" अशा हाका मारल्या. शेवटी आत पावलं घासल्याचा आवाज आला.

दार उघडलं. म्हाताऱ्याने चारुदत्तच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"परत आणलंस?"

"नाही, नाही." चारुदत्तने दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. "दुकानात देऊन आलो. मी... किंमत बघायला गेलो होतो. तिथे त्या बाईने ते उघडलं. काडतूस पाहिलं मी."

शरमेने मिस्टर अर्लनी मान खाली घातली. ज्याने खाली घालायला हवी होती, तो आपण मात्र समोर ताठ उभे आहोत, हे चारुदत्तच्या तेव्हा लक्षात आलं.

"मी शनिवारी दार लावायला नको होतं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याचा एक हात धरला. दोन्ही हातांत गच्च. शेजारच्या हिरवळीवरचा स्प्रिंकलर सुरू झाला, फिरत फिरत दोघांच्या पायांवर पाणी उडवून गेला, पुन्हा उडवून गेला. पण हात कुणीच सोडला नाही.