बाजूला व्हा

“कुठली गाडी?” गोपाळकृष्ण दात्यांनी विचारलं. गाडी नुकतीच त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावरून गेली होती.

“आत्ता गेली ती, काका. पांढरी,” कादंबरी म्हणाली. “आपण बाजूला झालात की.”

“मी?” दात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अहो बाई, माझा जन्म कसबा पेठेतला. मागून हत्ती आला तरी मी बाजूला होत नाही. हवं तर त्यानं सोमवार पेठेतून जावं.”

एवढं बोलून ते पुन्हा मित्राशी बोलू लागले. गाडी येण्याआधी दोघं गल्लीच्या मधोमध खांद्याला खांदा लावून उभे होते. आता एक या कडेला होता आणि दुसरा त्या कडेला. बोलणं तुटलं नव्हतं. फक्त दोघांचे आवाज थोडे चढले होते.

विजेवरची गाडी हळू चालताना ऐकू येत नाही. माणसं समोर येतात. म्हणून तिला एक आवाज द्यावा लागतो. तो आवाज कादंबरीनं बनवला होता. ती भौतिकशास्त्र शिकून कंपनीत आली होती आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. कंपनीला पेट्रोलच्या गाड्या हळूहळू बंद करायच्या होत्या. कंपनीची पुढची कित्येक वर्षं या छोट्या, स्वच्छ गाडीवर उभी राहणार होती. जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांसाठीच ती बनवली होती. चाचणी पुण्याच्या कसब्यात घ्यायची हे प्रकल्पप्रमुख आमोद यांनी ठरवलं. कसब्यात हॉर्न वाजवला तर लोक हलत नाहीत, थांबून उत्तर देतात. इथं जो आवाज चालेल तो कुठंही चालेल, असा त्यांचा हिशोब होता.

आवाज चालला. सकाळपासून एकही माणूस गाडीच्या वाटेत राहिला नव्हता. कुणी दचकलं नव्हतं, कुणी वळून पाहिलं नव्हतं, कुणी शिवी दिली नव्हती. आणि विचारलं तर गाडी कुणालाच आठवत नव्हती.

कादंबरीला सुरुवातीला आनंद झाला. मग तिनं वेणूबाईंना पाहिलं. वेणूबाई फुलांची पाटी घेऊन गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या. त्यांच्या बाजूला सरकायला जागाच नव्हती. तिथं उघडं गटार होतं. गाडी आली आणि वेणूबाई शांतपणे गटारात उतरल्या. गाडी गेल्यावर वर आल्या. “दहाला दोन गजरे जिथं मिळतात तिकडं जा,” हे त्यांनी गिऱ्हाइकाला सुनावलं, तेव्हा त्यांचं लुगडं घोट्यापाशी काळं झालं होतं. थोड्या वेळानं त्यांनी खाली पाहिलं आणि कादंबरीलाच विचारलं, “अगं, माझा पाय कशानं भिजला?”

कादंबरी सरळ आमोद यांच्याकडे गेली. ते एका बंद दुकानाच्या उंच पायरीवर उभे होते. हातात मंजुरीचा कागद होता. तिच्या सहीशिवाय तो आवाज गाडीत जाणार नव्हता.

“सर, मी सही करणार नाही.”

“का? इतका उत्तम निकाल लागलाय.”

“ही सूचना नाही, सर. सूचना ऐकू येते, नाकारता येते. या लोकांना नाकारताच येत नाहीये. उद्या गटाराच्या जागी पुलाचा कठडा असेल तर?”

आमोद यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, थकवा होता. या गाडीवर त्यांनी केस पांढरे केले होते.

“त्यांना माहीत नसतं म्हणून ते सरकतात,” ते म्हणाले. “तुला माहीत आहे. तू उभी राहा. हललीस तर हा आवाज मी स्वतः पुरून टाकतो. नाही हललीस तर सही कर.”

“शब्द?”

“शब्द.”

चालक ऋषीला सांगितलं गेलं की मॅडम हलल्या नाहीत तर समोर जाऊन ब्रेक लावायचा. “तुम्हाला लागलं तर माझी नोकरी जाईल, मॅडम,” तो म्हणाला. “मलाबी सांभाळा.” आणि गाडी मागं घेऊन गेला.

कादंबरी गल्लीच्या मधोमध उभी राहिली. लक्ष ढळू नये म्हणून तिनं मूलद्रव्यं क्रमानं म्हणायला घेतली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. गाडी वळणावर दिसली. बेरिलियम, बोरॉन. तिनं पाय रोवले. तिला आवाज ऐकू आला, स्वतः बनवलेला, ओळखीचा, दूर कुणीतरी झोपेत कण्हावं तसा. तिला भीती वाटली नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. सोडियम, मॅग्नेशियम. दुपारचं ऊन होतं. सिलिकॉन, फॉस्फरस. कॅल्शियमपाशी ती थांबली.

तिनं एकही नाव गाळलं नव्हतं.

गाडी गल्लीतून पार होऊन पलीकडच्या टोकाला उभी होती. ऋषी दार उघडून धावत येत होता.

“मी हलले नाही,” कादंबरी म्हणाली. तिचा आवाज आनंदानं कापत होता. “पाहिलंत ना, सर? नाकारता येतं. आणि ऋषी, ब्रेक छान लावलास.”

“सर,” ऋषी धापा टाकत म्हणाला, “ह्या तर...”

“गाडी नीट लाव जा,” आमोद म्हणाले.

ऋषी तसाच उभा राहिला. आमोद पायरीवरून उतरले. रिकामी गल्ली ओलांडून ते कादंबरीपर्यंत आले. क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी कागद आणि पेन पुढं केलं.

कागद कशावर तरी टेकवायला हवा होता. कादंबरी फक्त मागं वळली आणि तो भिंतीवर धरून तिनं ठसठशीत सही केली. त्यासाठी तिला एक पाऊलही टाकावं लागलं नाही.