बाई, ‘विल’च बरोबर आहे

बाईंनी फळ्यावर ‘मॅरी’ लिहिलं. “म्हणजे लग्न करणे. मराठीत आपण कुणाशी तरी लग्न करतो. इंग्रजीत तो ‘शी’ गाळायचा. ‘मॅरी विथ’ म्हणायचं नाही. चला, एकेक वाक्य.”

कापडदुकानावरच्या त्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. एकीने एका नटालाच नवरा करून टाकलं. पार्लरवालीने, आपण पुन्हा या भानगडीत पडणार नाही, असं झोकात जाहीर केलं. मग कोपऱ्यातली मुलगी उठली.

“माय ब्रदर-इन-लॉ विल मॅरी मी.”

हशा पिकला. “अगं, दाजींचं लग्न तुझ्या ताईशी झालंय ना?” बाई हसत म्हणाल्या. “मग ‘मॅरीड माय सिस्टर’ म्हण. भूतकाळ.”

“नाही बाई. ‘विल’च बरोबर आहे.”

“आणि तुझी ताई गं?” पार्लरवालीने डोळे मिचकावले.

“घरी आहे. अंथरुणाला खिळलीय.” मुलगी म्हणाली. “आईचं आणि दाजींचं ठरलंय. लेकरं लहान आहेत, परकी बाई कशाला आणायची, म्हणतात. ताईपुढे अवाक्षर काढायचं नाही, असं बजावलंय मला.”



“डॉक्टरांनी आशा सोडलीय का?” बाईंनी हळूच विचारलं.

“नाही. डॉक्टर म्हणतात, एव्हाना बरी व्हायला हवी होती.” मुलीने दाराकडे पाहिलं. “औषधं दाजीच देतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

पार्लरवाली उठून तिच्याजवळ गेली. “घर कुठं तुमचं?”

मुलीने तिच्या कानात सांगितलं. तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. नीट भांग पाडलेला, हसतमुख.

“सुटला का क्लास? मेहुणीला न्यायला आलोय.”

मुलीने बाकाची कड घट्ट धरली.

“आज उशीर होईल,” बाई म्हणाल्या. “बसा ना.”

“मी निघते, बाई. गिऱ्हाईक खोळंबलंय,” म्हणत पार्लरवाली त्याच्या अंगावरूनच बाहेर पडली.

तो पहिल्या बाकावर ऐसपैस बसला. “होऊ द्या सावकाश. मला कसली घाई? हिच्या ताईला औषध देऊनच निघालोय. आज जरा जास्तच दिलंय, गाढ झोप लागावी म्हणून.”

जिन्यात पार्लरवालीची पावलं धावू लागली.